एकविसावा खिळा

२ मे, दुपार

आलो एकदाचे! बसने हाडं खिळखिळी केली, पण शिबिराची कमान दिसली आणि मुंगी सीटवरच नाचायला लागली. मुंगी म्हणजे माझी भाची, वय वर्षं नऊ. गोड दिसलं की हजर आणि चावली की सोडत नाही, म्हणून मुंगी. ताईचं ऑपरेशन झालंय, तिने महिनाभर उठायचं नाही. मुंगीचे वडील ती सहा महिन्यांची असताना जे गेले ते गेले. मग सुट्टीत हिला सांभाळायला मावशी आहेच. माय मरो पण मावशी जगो, असं ताई हल्ली फार हसून म्हणते.

माझी नोकरी पोहायला शिकवण्याची. मुलाखतीत संचालिकाबाईंनी मला पोहण्याबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मुंगीबद्दल वीस. वडील येतात का, आजी-आजोबा आहेत का, आई कधीपर्यंत अंथरुणात. भाचीला घेऊन याच, तिच्यासाठी एक जागा मुद्दाम ठेवली आहे, म्हणाल्या. आजकाल इतकी आस्था कोण दाखवतं? मला बाई आवडल्या.

लाकडी खोल्या, एकेका खोलीत आठ खाटा. जेवणघराबाहेर हरवलेल्या मोज्यांची पेटी, पहिल्याच दिवशी काठोकाठ भरलेली. दुपारी दीड तास सक्तीची झोप. मुलं झोपत नाहीत, कुजबुजतात, पण तेवढा वेळ माझा. रोजनिशी याच वेळात लिहायची असं ठरवलंय.

३ मे

आज तलाव. पाणी स्वच्छ, थंड, कडेला छातीइतकं आणि मग एकदम खोल. पोहायची जागा दोरी बांधून आखलेली, त्यावर लाल तरंगते गोळे.

इथली पद्धत मात्र बावनकशी. मुलं एकेचाळीस. धक्क्यावर एक फळी, तिच्यावर एकवीस खिळे. प्रत्येक मुलाने स्वतः रंगवलेला पत्र्याचा बिल्ला. पाण्यात उतरताना जोडीने दोन बिल्ले एका खिळ्यावर अडकवायचे, बाहेर आलं की काढायचे. दर दहा मिनिटांनी मी लांब शिट्टी मारते. मुलं असतील तिथे जोडीदाराचा हात धरतात, धरलेले हात वर करतात आणि आपल्या खिळ्याचा आकडा ओरडतात. मला यादीत टिचक्या मारायच्या. इतक्या वर्षांत जोडी सोडून कोणी बुडालं नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांची बोलण्याची तऱ्हाच जरा चमत्कारिक आहे.

एकेचाळीस म्हटल्यावर एक जण सुटा राहणारच. यादी बाईंनी आधीच केली होती आणि एकविसाव्या खिळ्यावर मुंगी एकटी. मी म्हटलं, तिला कोणाबरोबर तरी तिसरी घालू. बाई शांतपणे म्हणाल्या की तिघांची जोडी नसते. सुट्या मुलाने दोरीच्या टोकाला, कडेच्या पाण्यात राहायचं आणि एकट्याने हात वर करायचा. नव्या नोकरीत तोंड कमी चालवावं. शिवाय मावशीने भाचीची बाजू घेतली असं नको व्हायला. यादी तशीच हातात घेतली.

५ मे

मुलं म्हणजे माकडंच. एक चष्मिस आहे, डोळ्यांवर चष्मा नसला तर धक्क्याच्या खांबालाच मुजरा करेल. तिची जोडीदार लांबोटी, बारा वर्षांची, हातापायांच्या नुसत्या काड्या. चष्मिसला ती पाण्यात खांद्यावर घेऊन फिरते. दोघींचं जमतं छान. बाकीच्यांत सकाळी भांडण, दुपारी गळ्यात गळा.

मुंगीशी मात्र कोणी बोलत नाही. जेवताना तिच्या बाजूची खुर्ची रिकामी. तिला नावाने न हाकारता सगळे एकवीस म्हणतात. चिडवत नाहीत, ते मी समजू शकले असते. तिच्याकडे बघून त्यांना हायसं वाटतं. जुनी मुलं तर तिला आपल्या वाटचा गोड पदार्थ आणून देतात आणि लगेच लांब होतात. मुंगी आपली खूश, तीन तीन वाट्या चाटतेय.

तिला विचारलं, एकटं वाटतं का गं. म्हणाली, मी एकटी नाहीये, मला जोडी आहे. आज हात वर केला तेव्हा तिने मूठ अर्धवट मिटली होती, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. काय पण सोंग! मी खूप हसले.

८ मे

मुंगीचा उजवा हात. पाण्यातून बाहेर आल्यावर सगळ्यांची बोटं सुरकुततात, तासाभरात नीट होतात. हिची रात्रीच्या जेवणापर्यंत तशीच होती आणि हात बर्फासारखा गार. डाव्या हाताने जेवत होती. उजव्याने जेव म्हटलं तर म्हणाली, तो मोकळा नाही.

सगळ्यांसमोर झापलं तिला. तुझी आई आजारी आहे, तुझे लाड पुरवायला मी इथे आलेले नाही, असं बोलले. लिहिताना लाज वाटते, पण बोलले. तिचे डोळे भरले. जेवणघरात चाळीस मुलं, एकही हसलं नाही.

११ मे

मला नीट दिसतं. माझी नजर पक्की आहे, मी चष्मा लावत नाही, उन्हं डोक्यावर होती. हे आधी लिहून ठेवते.

दुसरी शिट्टी. हात वर. एक ते वीस आकडे आले. मग मुंगी ओरडली एकवीस, आणि तिच्या हाताला लागून पाण्यातून दुसरा हात वर आला होता. कोपरापर्यंत. लहान मुलाचा. फार दिवस भिजलेल्या कागदासारखा पांढरा. बोटं मुंगीच्या बोटांत घट्ट अडकलेली. धक्क्यापासून जेमतेम तीन हात लांब.

मी उडी मारली. पाण्याखाली मुंगीचे पाय होते आणि दुसरं काहीच नव्हतं. वर आले तर सगळी मुलं तोंड फिरवून उभी. त्यांना सवय होती.

१३ मे

आचाऱ्याला गाठलं. इथे सगळ्यांत जुना तोच. बटाटे सोलता सोलता सांगितलं, वर न बघता.

फार पूर्वी एक मूल जोडीदाराने हात सोडला म्हणून बुडालं. सापडलंच नाही. पुढच्या वर्षी मुलांची संख्या सम होती. पहिल्याच शिट्टीला एका जोडीतलं एकच वर आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग कधीतरी मुलं विषम आली आणि त्या वर्षी सुट्या मुलाखेरीज कोणाला काही झालं नाही. ते एक मूल बाविसाव्या दिवशी, शेवटच्या पोहण्याला, गेलं. तेव्हापासून बाई संख्या विषमच ठेवतात. चाळीस सुखरूप घरी जातात. एकाचं काय ते एकाचं.

आणि ते एक कोण? ज्याच्या मागे फारसं कोणी ओरडणार नाही, ते. आजारी आई, बाप नाही. मला मुलाखत आठवली. वीस प्रश्न.

मी म्हटलं, तुम्ही हे बघत बसता? तर म्हणाला, बाई, मी बटाटे सोलतो.

१४ मे

पळालो. सकाळच्या कवायतीच्या गोंधळात मुंगीला घेतलं आणि मागच्या वाटेने निघाले. वळणापर्यंत ठीक. तिथून तलाव दिसेनासा होतो. दोन पावलं पुढे टाकली आणि मुंगी किंचाळली. तिचा उजवा हात मागे, तलावाकडे, सरळ ताणलेला. कोणी धरलेला दिसत नव्हता. मी पुढे ओढलं. मी ओढलं! खांद्यातून कट असा आवाज आला.

परत आलो. इथल्या नर्सने हात बसवला. ती म्हणाली की दरवर्षी कोणीतरी ओढतंच.

१५ मे

बाईंकडे गेले. रडले, पाया पडले, पोलिसांचं नाव काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाल्या, तुमचंच गणित चांगलं असेल तर सांगा, चाळीस मोठे की एक.

मी म्हटलं, तुमचं मूल ठेवा त्या खिळ्यावर.

म्हणाल्या, ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी.

मग त्यांनी जेवणाची घंटा वाजवायला सांगितली, उशीर होत होता.

१७ मे

सहा दिवस उरले. मुंगीला पाण्यापासून लांब ठेवलंय. काही उपयोग नाही. कोरड्या खाटेवर बसलेली असते आणि तिच्या बोटांतून पाणी ठिबकतं. सारखी विचारते, त्याला घरी न्यायचं का.

एक विचार आलाय. दोन दिवस येतोय. लिहीत नाही.

लिहिते. कोणी कोणत्या खिळ्यावर बिल्ला अडकवायचा, ते मी सांगते. यादी माझ्याकडे आहे. त्याला खिळा हवाय, मुंगीच हवी असं कुठे आहे? चष्मिस दुबळी आहे. तिला नीट दिसत नाही. तिला कळणारसुद्धा नाही —

तिला आई-वडील, दोन आज्या, सगळे आहेत. पत्रं येतात. मला माहीत आहे. माहीत असून लिहितेय.

१८ मे

केलं.

यादीत खाडाखोड केली. लांबोटीबरोबर मुंगी, चौदाव्या खिळ्यावर. चष्मिसचा बिल्ला एकविसाव्यावर. ती विचारत होती, मी काय केलं, माझं काय चुकलं. मी म्हटलं काही नाही बाळा, गंमत आहे. बाळा म्हटलं मी तिला.

पहिली शिट्टी. हात वर. चौदा, लांबोटी आणि मुंगी. एकवीस, चष्मिस, एकटी, रडत, हात रिकामा. आणि मुंगीचा दुसरा हातही वर. त्यात तो. त्याने सोडलंच नव्हतं. लांबोटी, मुंगी, तो. तिघं.

तिघांची जोडी नसते, असं बाई म्हणाल्या होत्या —

दुसऱ्या शिट्टीला लांबोटी नव्हती.

मी सात वेळा बुडी मारली. माझा दम चांगला आहे. तळापर्यंत गेले. चिखल. मुंगी धक्क्यावर उभी राहून दोन्ही हात बघत होती. दोन्ही मोकळे, बोटं कोरडी. म्हणाली, मावशी, त्याने मला सोडलं.

आणि मला आनंद झाला. देवा, त्या क्षणी मला आनंद झाला.

१९ मे, सकाळ

बाईंनी अजून कोणाला कळवलेलं नाही. कमानीला कुलूप. मला बोलावलं. समोर यादी. म्हणाल्या, अक्षर तुमचं आहे.

मग म्हणाल्या, मुलं उरली चाळीस. सम. लांबोटी दिलेली नव्हती, मध्ये आली म्हणून गेली. तिला तो हिशेबात धरत नाही. आज पोहायला उतरवलं तर चाळिसांतलं कोणीतरी. नाही उतरवलं तरी, हात कुठूनही धरता येतो हे तुम्ही पाहिलंच आहे. बहुधा जुनी ओळख असलेलं आधी.

मुंगी.

नवं मूल आता कुठून आणायचं. तेव्हा तुम्हाला धरून एकेचाळीस.

त्यांनी सगळं ठरवलंय. बाविसाव्या दिवसाची वाट बघायची नाही, आजच खोल पाण्यात उतरायचं. बुडत्या मुलीला वाचवायला शिक्षिकेने उडी घेतली, दोघी गेल्या. संध्याकाळी तसं कळवणार. चांगलं नाव निघेल तुमचं, म्हणाल्या. आणि ती यादी जाळून टाकू. भाचीला आम्ही घरी पोचवू.

मी लगेच हो म्हटलं नाही. विचारलं, आचारी चालणार नाही का. नर्स? बाईंनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं बघितलं. म्हणाल्या, त्यांनी कोणाच्या खिळ्याला हात लावलेला नाही.

१९ मे, दुपार

झोपेचा तास. कुजबुज नाही.

मुंगी हस्तकलेच्या खोलीत आहे. खिडकीतून दिसते. चष्मिस तिच्या शेजारी बसली आहे, आज सकाळपासून दोघींची जोडी. चौदावा खिळा. एकमेकींना रंग देतायत. मुंगी उजव्या हाताने रंगवतेय. लाल आणि पिवळा.

मला वाटलं ताईसाठी काहीतरी करतेय.

बिल्ला आहे. माझा. बाईंनी सांगितलं तिला करायला. मावशी असं मोठं लिहिलंय, भोवती फुलं. आत्ता आणून दाखवला. विचारत होती, छान झालाय ना. छान झालाय म्हटलं. खरंच छान —

ताईला पत्र लिहायला हवं. काय लिहू. तुझी मुलगी येईल. तिच्यासाठी मी एका परक्या आईची —

नाही. उतरते. मुंगीसाठी उतरते. हे तरी खरं असू दे.

पण चपला घातल्या आणि परत काढल्या. 

मुलं धक्क्याकडे निघाली. रांगेत, जोडी जोडीने. माझ्या खोलीवरून जाताना सगळ्यांनी तोंड फिरवलं.

मुंगी दाराशी आली आहे. चल ना म्हणते, सगळे थांबलेत. तिला म्हटलं एवढी ओळ होऊ दे, आणि लिहिता लिहिता डावा हात पुढे केला, धर म्हटलं, मला धक्क्यापर्यंत घेऊन चल.

ती धरत नाहीये. मागे सरकली. म्हणते, मावशी, मी कुठे धरू, त्यात तर आधीच —