प्राचीच्या अंगठ्याचं नख

३ नोव्हेंबर, सोमवार
धाकट्या निखिलचं लग्न ठरल्यापासून आईला वाटतं, मी मनीषनगरचं नखांचं दुकान बंद ठेवून तिच्यासोबत इतवारीत साड्या पाहत फिरावं. आज होणारी भावजयच दुकानात आली, प्राची. लग्नासाठी कोणती नखं लावायची ते समजून घ्यायला. सगळं सांगितलं. प्रेस-ऑन नुसती चिकटवायची, हळदीच्या ओल्या हातांनी निघून येतील. जेल पॉलिश दोन-तीन आठवडे टिकतं, मग ॲसिटोनच्या फडक्यात बोटं गुंडाळून काढायचं. ॲक्रिलिक पावडरचं, टणक. नख वाढेल तसं मुळाशी भरत जायचं, पूर्ण काढायची गरज नाही.
तिचा एकच प्रश्न. "ताई, कोणतं लावलं तर खालचं नख कोणालेच दिसत नाही?"
नवऱ्या रंग विचारतात. हे कोणी विचारत नाही.

६ नोव्हें., गुरु.
प्रा. परत. जुनं मरून रंगाचं जेल पॉलिश काढायला घेतलं. नऊ बोटं दिली, उजवा अंगठा मुठीत. "याचं राहू द्या." मी हसत हात ओढला. फडकं सोडलं आणि हसू गेलं. नखात उभा काळपट पट्टा, मुळाकडे रुंद होत गेलेला. मुळाजवळच्या कातडीवरही तोच रंग.
बारीक रेषा पुष्कळ जणींच्या नखांत असतात, रोज पाहते. पण दोन-चार बोटांवर. हिला एकाच. आणि कातडीवर...? ट्रेनिंगमध्ये मॅडमनी बजावलं होतं, असं दिसलं की वर काही लावायचं नाही, स्किनच्या डॉक्टरकडे पाठवायचं, कॅन्सरही असू शकतो.
"दारात बोट सापडलं होतं." कधी? "संक्रांतीले." मार असता तर नखासोबत वाढून कधीच निघून गेला असता. तिलाही ते ठाऊक असावं. मी काही बोलायच्या आधीच रडायला लागली. "आई म्हणते लग्न होऊ दे, मग पाहू. आता कळलं तर मोडते लग्न. ॲक्रिलिक लावून द्या ना. निखिलले नका सांगू."
नाही लावलं. रागावून गेली.

७ नोव्हें.
सक्करदऱ्याहून प्रा.च्या आईचा फोन. "पोरीच्या मनात भलतंसलतं काहून भरवून राहिल्या तुम्ही?" मीही चढ्या आवाजात बोलले. मग त्यांचाच आवाज फुटला. "तिचे बाबा नाहीत हो. हे मोडलं तर दुसरं स्थळ मी कुठून आणू?" धड रागावूही देत नाही बाई.
आमच्या आईला कळलं तर आधी लग्न मोडेल, मग विचारेल झालं काय. निखिलचं काय होईल, कळत नाही. भीती वाटते.

१० नोव्हें., सोम.
प्रा.ला मेसेज केला. आधी डॉक्टर. आलीस तर माझं तोंड बंद. नाही आलीस तर निखिलला सांगेन.
धमकीच ती. लाज वाटली, तरी पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, "चला."

१३ नोव्हें.
डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं. पाहतच राहिल्या. "काही नसेलही. पण तुकडा काढून तपासावा लागेल." नख उचलून मुळाशी तुकडा घेतला. प्रा.ने माझं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बोट काढा लागलं तर?" मी म्हटलं, तसं काही नसते. मला काय माहीत!

१५ नोव्हें., शनि.
प्रा. आमच्याकडे जेवायला, आधीच ठरलेलं. अंगठ्याला ही मोठी पट्टी. आईने विचारलंच. प्रा. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नखं लावताना ताईच्या घासायच्या मशीनने लागलं, नखच निघालं."
आई माझ्यावर अशी सुटली... "घरच्याच पोरीचं नख उपटलं? लग्नात तिच्या हाताले हात नको लावू वं." मी म्हटलं, बरं. आतून पेटले होते. एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव, आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटावर! तरी बरं म्हटलं.
चपला घालताना प्रा. पुटपुटली, "माफ करा ताई, दुसरं काही सुचलंच नाही." मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.

१७ नोव्हें.
रिपोर्ट नाही. गुरुवारी म्हणतात. आज दोन गिऱ्हाइकांचे रंग चुकवले.

१९ नोव्हें., बुध.
दुपारी निखिलचा फोन. "ताई, मशीन वरच्या वर चालते. तेवढ्यानं अख्खं नख कसं निघन? प्राचीले विचारलं तर रडून राहिली. तू सांग, काय झालं?"
म्हटलं, गिऱ्हाईक आहे. "मग मी दुकानावर येतो." त्याने फोन ठेवला.
प्रा.ला फोन लावला, तिच्या आईने उचलला. "रिपोर्ट उद्या येते. आजच्या दिवस थांबवा त्याले."
कसं थांबवू? प्रा.ला शब्द दिला आहे. आणि त्याच्याशी डोळ्यात डोळे घालून खोटं बोलणं मला आजवर जमलेलं नाही. गिऱ्हाईक गेलं. टेबल पुसलं, परत पुसलं. काचेतून त्याची गाडी दिसते आहे. हेल्मेट काढतोय.