न गायलेल्या वऱ्हाडी गाण्याची वाटणी

मी, वामन श्रावणजी भोयर, वय ७२, निवृत्त फिटर, राहणार मनीषनगर, नागपूर. मला साखरेचा त्रास आहे, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकटी माझी पत्नी देवकी होती, ती आता नाही. हे मृत्युपत्र मी स्वहस्ते, स्वखुशीने लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा पियूष याला. गच्चीवरची टाकी त्याने बदलावी, मी सांगून थकलो.

२. गिटार नात मयुरा हिला. हिंगण्याच्या कारखान्याने १९८५ साली मला ओसाकाला प्रशिक्षणासाठी पाठवले, तेव्हा घेतलेली. मयुराला जपानी कार्टूनमधली गाणी तोंडपाठ आहेत. तिने हेही ऐकून ठेवावे. तिथे एका तळघरात पोरं अमेरिकेचे रॉक अमेरिकेच्याच लष्करी तळांविरुद्ध वाजवत होती, आणि तेही जपानीत. रॉक जपानीत शोभते का, यावर त्यांच्याकडे आधी बरीच भांडणे झाली होती म्हणे. मी ऐकून वेडा झालो.

३. परत आल्यावर मी वऱ्हाडीत एक गाणे लिहिले, कामगारांना थापा मारणाऱ्या पुढाऱ्यावर. चाल मधुकर गावंडेची. तो माझ्याच खात्यातला, आमच्या बँडचा गायक आणि माझा जिवलग. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात तोच पुढारी पहिल्या रांगेत बसला. मधुकर ऐन वेळी इंग्रजी गाणे म्हणून मोकळा झाला. पुढाऱ्याने टाळ्या वाजवल्या. "काहून गा?" मी विचारले. म्हणाला, "मले नोकरी करा लागते. अन् वऱ्हाडीत रॉक? लोक हासतीन." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. बँड मोडला. राग माझा खरा होता. पण त्याच्यासारखा आवाज मला पुन्हा ऐकायला मिळाला नाही, याचे फार वाईट वाटते.

४. ते गाणे मधुकरला. माझ्या तेराव्याला त्याने ते एकदा म्हणावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

सही करण्यापूर्वीची पुरवणी: साक्षीदार म्हणून मीच मधुकरला बोलावले. तेवढेच निमित्त. तो आला, कलम ४ दोनदा वाचले, आणि पेन काढून कागदाच्या मागे लिहिले: "वामन, मागच्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज नाही राहिला. तुले कोण सांगणार गा, तू तं बोलतच नव्हता."

सबब कलम ४ मधील 'माझ्या तेराव्याला' पासून पुढचे सर्व शब्द खोडले आहेत. गाणे त्याचेच राहील. खाडाखोडीवर आम्हा दोघांच्या सह्या आहेत.

नागपूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: वामन श्रावणजी भोयर (सही)

साक्षीदार:
चिन्मयी झाडे, शेजारी (सही)
मधुकर गावंडे, मित्र (सही)