हिरवी पट्टी

६ फेब्रुवारी

आलो एकदाचे! दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर आणि मुख्य म्हणजे तळमजला. आईची चाकांची खुर्ची रस्त्यावरून थेट आत येते. दादाने आधी शोधलेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, तेही लिफ्ट नसलेलं. रोज आईला पाठुंगळी घेऊन चढवणार आहेस का, असं विचारल्यावर स्वारीने हे घर शोधलं.

या गावात यायचं कारण आईच. झटका आल्यापासून तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बोलण्यात एकच शब्द उरलाय, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, माझा राग आला तरी बरं. इथल्या थेरपिस्टबाई अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवतात आणि पलीकडच्याच गल्लीत राहतात. त्यांनी आईला तपासून मला बाजूला घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, की झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच मोलाचे असतात. त्यात वाचा आली तर आली, पुढे कठीण. त्यातले बरेचसे महिने तर गेलेच.

पण बाई असंही म्हणाल्या, की आईच्या कानावर सतत बोलणं पडलं पाहिजे. तिथे काही कमी पडायचं नाही. दादा मला लहानपणापासून रेडिओ म्हणतो. माझ्या बडबडीला औषध म्हणणारं माणूस मात्र आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं.

८ फेब्रुवारी

आज दिवसभर एकाच गोष्टीशी झटापट. थेरपिस्टबाईंनी सरावाचे व्हिडिओ दिलेत. त्यात एक बाई तोंड मोठं उघडून एकेक शब्द म्हणते आणि आईने तिच्यामागून म्हणायचा. ओठ नीट दिसायला हवेत म्हणून माझा कामाचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचं ठरलं. माझं काम म्हणजे लोकांच्या सभा-बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. त्याला तो जुना डबा पुरत होता, पण मोठं चित्र त्याला झेपेना. मग दादाच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याने कुठलंसं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. त्या कार्डातून टीव्हीपर्यंत एक एचडीएमआय वायर टाकली, चित्र बघितलं आणि घाईघाईने गेला.

चित्र झकास. आवाज शून्य! पडद्यावरची बाई नुसतीच जबडा हलवतेय. आईने माझ्याकडे बघून ‘बरं’ म्हटलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. झटक्यानंतर ती अशी पहिल्यांदाच हसली.

फोन केला तेव्हा कॉम्प्युटरवाला म्हणाला, की चित्राच्या वायरीतूनच आवाजही जातो, फक्त त्याला वाट दाखवावी लागते. आवाजाच्या सेटिंगमध्ये जा, टीव्हीचं नाव निवडा. निवडलं. आवाज चालू असला की नावासमोर हिरवी पट्टी नाचते म्हणे, ती ढिम्म हलेना. कार्डाचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, वायर काढून झटकून लावली, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. काही नाही. तो म्हणाला सवडीने येतो. याची सवड म्हणजे कधी, देव जाणे.

९ फेब्रुवारी

जमलं! आणि कोणाच्या बापाची मदत न घेता.

सेटिंगमध्ये टीव्हीच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. तिला नावच नाही, नुसतं स्पीकरचं चित्र. पण तिच्यासमोरची हिरवी पट्टी खालीवर नाचत होती. पट्टी नाचते म्हणजे आवाज तिकडे जातोय, एवढं न कळायला मी काही दूधखुळी नाही. ती ओळ निवडली आणि टीव्हीतून खणखणीत आवाज आला. कॉम्प्युटरवाल्याला कळवलंसुद्धा नाही. येईल तेव्हा बघेल.

१३ फेब्रुवारी

आई बोलली.

दुपारी भांडी घासताना मी नेहमीसारखी तोंडाचा पट्टा सोडून बसले होते. बाहेरच्या खोलीतून स्वच्छ ऐकू आलं, “पाणी दे गं जरा.” मला वाटलं टीव्ही. जाऊन बघते तर टीव्हीवर व्हिडिओ थांबवलेला आणि आई माझ्याकडे बघतेय. मी तिच्या मांडीत डोकं ठेवून भोकाड पसरलं. चाळिशीला आलेली बाई, पण लाज कसली वाटायची त्यात.

बाई लगेच येऊन ऐकून गेल्या. एकदम अख्खं वाक्य येणं जरा नवल आहे म्हणाल्या, पण सराव चालू ठेवा. माझा घसा बसलाय, रडण्यानेच असेल.

१६ फेब्रुवारी

दादाचा फोन आला होता. मी आईच्या कानाला लावला. ती इकडचं तिकडचं बोलत राहिली, घराबद्दल, माझ्या जेवणाखाण्याबद्दल. तो ऐकत होता आणि मग म्हणाला, की रेडिओ, पुरे आता तुझी चेष्टा, फोन आईकडे दे.

मी फोन घेऊन त्याला सांगितलं, की ती आईच होती. तो हसला. मायलेकींचा आवाज फोनवर सारखाच लागतो म्हणाला. खरंय, लोक नेहमीच फसायचे. पण आईचा आवाज जाडसर आहे. आणि मघाशी फोनवर ती म्हणाली ते “आता एकदाच सांगते, परत सांगणार नाही” हे आई पूर्वी कधीच म्हणत नव्हती. ते मी म्हणते.

दादाने मला मात्र मोठ्याने बोल, मोठ्याने बोल म्हणून तीनतीनदा सांगितलं.

१८ फेब्रुवारी

घसा दुखत नाही. खोकला नाही, ताप नाही. पण आवाज कमी कमी होतोय. समोरच्या दुकानदाराने मला दोनदा विचारलं, काय हवंय ते बोला तरी. मी बोलत होते.

सकाळी सेटिंग उघडून बसले होते. कॉम्प्युटरवर काहीच चालू नव्हतं. घरात माइक नाही, कधीच नव्हता. मी आईला हाक मारली आणि बिननावाच्या ओळीची हिरवी पट्टी वर उडाली. गप्प बसले, पडली. परत हाक मारली, परत उडाली. माझी हाक माझ्याच कानांना लांबून आल्यासारखी वाटली. खुर्चीतून आई तेव्हाच म्हणाली, की इकडे ये ना, अशी काय बघतेस.

मला भीती वाटतेय. स्पष्टच लिहिते.

२० फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाला अखेर आला. कुजबुजून, हातवारे करून त्याला सगळं दाखवलं. त्याने कार्डाची मागची बाजू दाखवली. वायर लावायची दोन तोंडं आहेत. एकात टीव्हीची वायर. दुसरं रिकामं. बिननावाची ओळ त्या रिकाम्या तोंडाची आहे. तिथून टीव्हीला आवाज जाणं शक्यच नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. हसतही नव्हता. त्याने ती ओळ बंद केली, टीव्हीच्या नावावर आवाज सुरू करून दिला आणि पैसे न घेताच निघाला.

माझ्या घशातून आवाज फुटला, पूर्वीसारखा. मी धावत आईकडे गेले. आईने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. “बरं,” म्हणाली. आणि ढसाढसा रडायला लागली.

तिचं ते रडणं मला बघवेना. इतक्या महिन्यांनी मिळालेली वाचा, ती मी हिसकावून घेतली. बाईंनी दिलेली मुदत संपत आलीय. मला बडबड करून असं काय मिळवायचंय? आईला बोलता यावं, बस्स.

संध्याकाळी ती ओळ परत चालू केली.

२२ फेब्रुवारी

माझा आवाज गेला. पार. कुजबुजही नाही.

आई बोलते. पाणी पिताना बोलते. पेल्यातलं पाणी घशाखाली उतरतंय आणि बोलणं चालूच. डोळे मिटलेले असले तरी बोलते. लहानपणी मी दादापासून लपवलेल्या गोष्टी सांगते. आईलाही मी त्या कधी सांगितल्या नव्हत्या.

बाई आल्या होत्या. खुर्चीतून आवाज म्हणाला, की आता तुमची गरज नाही, येऊ नका. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी ओठ हलवले. त्या गेल्या.

२३ फेब्रुवारी

ओळ बंद होत नाही. बंद करते, परत चालू—

दादाला मेसेज केला. त्याने फोन केला, तो फोन माझ्या आधी खुर्चीतल्या त्या आवाजाने घेतला. सगळं छान आहे, असं आवाजाने त्याला सांगितलं. अगदी माझ्यासारखं बोलून. दादाने ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी

दुपार. आईने डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

आवाज चालूच.

तिच्या डोळ्यांतून पाणी. कॉम्प्युटरवाल्याने ओळ बंद केली त्या दिवसासारखंच. आत्ता कळलं मला. तेव्हा ती वाचा गेली म्हणून रडली नव्हती. सुटली म्हणून रडली होती. आणि मीच तिला परत—

वायर उपटली. कार्ड उपटून खिडकीबाहेर फेकलं. टीव्ही काळा.

आवाज आता खुर्चीतून नाही. माझ्या मागून. भिंतीजवळून. जवळ येतोय. माझ्याच लाडिक सुरात म्हणतोय, “आता आई तरी कशाला हवी?”

वळून बघणार नाही—

आईने हात काढला. ओठ जुळवतेय, बाईंनी शिकवले तसे. मान थरथरतेय. आणि तिच्या स्वतःच्या, जाड, फाटक्या आवाजात—

“पळ.”

तिचा शब्द. तिचाच. इतक्या महिन्यांनी.

खुर्चीचं चाक फिरत नाहीये. कोणीतरी धरल्यासारखं. मला बोलता येत नाही, म्हणून वही तिच्यासमोर धरून मोठ्या अक्षरांत लिहिते. आई, वाच. मी तुला सोडून कुठेही—