डोळ्यांत टिपूस नाही

रवि. ५ जाने. ८६

आजही जाग आली ती स्टोव्हला पंप मारल्याच्या आवाजाने. मग पातेलं. मग मोरीत बादली सरकवल्याचा आवाज. दादाची आंघोळ. दादा ऑफिसात बसल्या जागी गेला त्याला महिना होत आला, तरी वहिनी पहाटे त्याचं पाणी काढते, दारावर त्याचा टॉवेल टाकते. मी गोधडी डोक्यावरून घेऊन पडून राहते. आता खाकरेल, असं वाटतंच.

आई कूस बदलते नि पुटपुटते, "रॉकेल जळता फुकट." पाणी निवलं की व. (वहिनी) त्यातच कपडे भिजवते.

मंग. ७ जाने.

शेजारच्या सावंतकाकू आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी परत रडवायला आल्या. गावची रीत, आईने मुलुंडात आणलेली. नवरा गेला नि बायको रडली नाही, तर तिला घेरून बसायचं आणि गेलेल्याच्या आवडीनिवडी काढायच्या, फुटेपर्यंत. "सुरमई कशी मिटक्या मारत खायचा गो!" म्हणत काकू स्वतःच हमसाहमशी. आईचा तर हंबरडा. व.ने सगळ्यांना चहा दिला आणि कपबशा विसळायला गेली.

त्या गेल्यावर आई, मुद्दाम मोठ्याने: "डोळ्यात टिपूस नाय. जीवच नव्हतो तिचो माझ्या झिलावर."

आत कप विसळणं थांबलं नाही. मला आईचा राग आला. आणि खरं सांगायचं तर व.चाही आला. रड ना बाई एकदा. सुटू दे सगळ्यांना.

गुरु. ९ जाने.

आईने व.च्या भावाला कणकवलीहून बोलावून घेतलंय. "घेऊन जा म्हणावं." किती दिवसांसाठी, ते आई बोलत नाही, व. विचारत नाही. पोरबाळ नाही, लग्नाला दोन वर्षं. तिकडे भावजयीच्या हाताखाली राबेल जन्मभर. एकदा गेली की परत येत नाही ती, लिहून ठेवते.

काहीतरी करायला हवं. आईने एकदा, फक्त एकदा तिला रडताना बघायला हवं.

शनि. ११ जाने.

केलं. वाट लागली.

आईला नि व.ला सिनेमाला घेऊन गेले. पोस्टरवरच बाई रडतेय असा सिनेमा. काकूंचे डोळे पांढरे झाले, "महिन्याभरात सिनेमा?" म्हटलं, काकू, तुम्हाला नाही जमलं, आता पडद्याला जमतंय का बघू. आई त्यावरच तयार झाली.

सासू सुनेला घराबाहेर काढते, सून देवापुढे डोकं आपटते, वर व्हायोलिनं कोकलतात. अख्खं थिएटर नाक शिंकरत होतं. मीही ढसाढसा, लाज कसली? आणि व.ने काय करावं? पर्स उघडून आपला रुमाल आईला दिला. कोरडा, इस्त्रीची घडी न मोडलेला.

माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

सोम. १३ जाने.

फिल्म सोसायटीचे प्रधान सर आले होते. दादा दर रविवारी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा प्रोजेक्टर चालवायचा. त्याने निवडून ठेवलेला फ्रेंच सिनेमा येत्या रविवारी लावणार आहेत, त्याच्या आठवणीसाठी.

असल्या सिनेमांवरून माझी नि दादाची कायम जुंपायची. मी: "घरात मयत झालंय नि ही बया पावाला लोणी लावतेय! माणसं आहेत की फर्निचर?" तो: "सुमे, आपल्याकडे दुःख चारचौघांत वाटतात, पेढ्यांसारखं. तिकडे ते एकटीने संपवायचं. कॅमेरा नुसता शेजारी बसून राहतो." मग जपानी? ते तर आपल्याच बाजूचे ना? "ते पाहुण्यांपुढे हसतात गं. आणि कॅमेरा मागे जाऊन पाठ दाखवतो. पाठ रडत असते."

व. तेव्हा तिथेच कणीक मळत असायची. पाठ आमच्याकडे.

रवि. १९ जाने.

आई हट्टाने आली. "माझ्या झिलाचो शिनेमा." खाली इंग्रजी अक्षरं, तिला काय कळणार म्हणून मी कुरकुरले. रीळ बदलायला दिवा लागला तेव्हा सवयीने मागे वळून पाहिलं. मशीनपाशी दुसराच कोणी.

नवरा मरतो. मरण दाखवतसुद्धा नाहीत. बाई घरी येते, त्याचा कोट खुंटीला लावते आणि बटाटे सोलायला बसते. संगीत नाही, नुसती सुरी. लोक खोकायला लागले, मागे कोणीतरी हसलं. मी पडदा सोडून व.कडे पाहत होते. तेच तोंड. पडद्यावर तेच, शेजारी तेच. मला भीती वाटली, खरंच.

आणि अंधारात आई, मोठ्याने: "रड गो बाय, रड! लाज कसली?"

सगळा हॉल वळला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाई सोलत राहिली. मग आई परत, अगदी हळू, स्वतःशीच: "दोघांचे बटाटे सोलता गो तां."

मंग. २१ जाने.

आई रडत नाही. काकू आल्या तर दारातूनच, "आज नको."

शुक्र. २४ जाने.

संध्याकाळी व.चा भाऊ आला. बॅग भरली. आईशी भांडले मी, "थांब म्हण ना तिला! तोंड शिवलंय का?" आई म्हणाली, "कुठल्या तोंडान् म्हणू?"

शनि. २५ जाने.

पंपाचा आवाज. पण हात वेगळा, अडखळत मारणारा. उठून पाहिलं तर स्टोव्हपाशी आई. व. प्रवासाची साडी नेसून उंबऱ्यात उभी. आईने बादली भरली. दादाचा टॉवेल दारावर टाकला.

व. पुढे आली, पाण्यात बोट घातलं. "आई, फार कढत झालं. त्यांना कोमट लागतं."

आईने तांब्याभर गार पाणी ओतलं. व.ने परत बोट घातलं. आईने आणखी अर्धा तांब्या.

दोघींच्या डोळ्यांत टिपूस नाही. दाराआड मी तोंडात ओढणी कोंबून रडत होते.

बाहेर भाऊ चपला घालून तयार, हातात बॅग. "ताई, एसटी चुकेल गं."

आत दोघींनी मिळून बादली मोरीत सरकवली.