मधला रस्ता ओपन

३ मार्च, सोमवार

अकरा टक्के. कमी! वाढायला हवा होता प्रवाह — कमी झाला!

आधी वाटलं, मीच उलटं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चाळीस वेळा बदललं, चाळीस वेळा तेच. दोन रस्त्यांनी इलेक्ट्रॉन गुमान जात असतात. मधून तिसरा, आडवा रस्ता उघडला की पलीकडे पोचणारे कमी होतात. रस्ता वाढला आणि वाहतूक घटली.

सगळा नमुना डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. तळघरात 'रांजणा'त गार करून ठेवलाय — ज्याच्या खाली थंडी जातच नाही, जवळजवळ तेवढा गार. यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे. रांजण हे नाव काकांनी ठेवलं, आता आमचे गटप्रमुख, सरही तेच म्हणतात. काका आमचे तंत्रज्ञ, जन्म तळघरात गेला. ते खाली बटणापाशी, मी वर मीटरपाशी. मी फोनवर "बदला" म्हणायचं, त्यांनी मधला रस्ता उघडायचा किंवा बंद करायचा आणि आपल्या वहीत लिहायचं. मला सांगायचं नाही. कळलं की डोळे हवं तेच वाचतात. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. आज ठेवल्या आणि एकेक ओळ बोटाने जुळवत गेले.

काका म्हणाले, "ताई, हे चांगलं झालं की वाईट?" म्हटलं, मलाच माहीत नाही.

४ मार्च

सरांना दाखवलं. "जोड सैल असेल कुठेतरी." मग — "अहो, हॉलला आणखी एक दार केलं म्हणून माणसं कमी बाहेर पडतात का?" पडतात सर, कधीकधी पडतात. ते चहा ढवळत राहिले.

३१ तारखेला माझा करार संपतो. हा निकाल छापायला गेला तर दोन वर्षं वाढ. नाही तर अडतिसाव्या वर्षी घरोघरी शिकवण्या. सरांनी हे बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायची गरजही नाही.

५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. त्याला इलेक्ट्रॉन म्हणजे काय ते धड माहीत नाही, पण बस डेपोत वेळापत्रकं करतो. एका मिनिटात कळलं त्याला! "यात नवल काय? बाजारामागची ती नवी गल्ली जोडली ना, तेव्हापासून आमच्या सगळ्याच गाड्या लेट. प्रत्येकाला वाटतं आपण मधून घुसावं. मग दोन्हीकडची तोंडं तुंबतात." सरांपेक्षा हा बरा.

म्हटलं, आमच्याकडे त्याहून वाईट — इलेक्ट्रॉन लाटेसारखाही असतो, मधून आलेली लाट बाकीच्यांना आडवी जाते. म्हणाला, "म्हणजे तुमचे ड्रायव्हर पण तसलेच." खूप दिवसांनी दोघं एकदम हसलो.

११ मार्च, मंगळवार

पटलं! सरांना पटलं. सगळे जोड तपासले, तीन वेगवेगळ्या थंडीत घेतलं, अकरा टक्के कुठे हलत नाहीत. पेपर आज गेला. माझं नाव पहिलं.

काका उद्यापासून रजेवर. मोतीबिंदू. ३१ लाच निवृत्त होतायत. आम्ही दोघं एकाच दिवशी सुटणार होतो — आता ते एकटेच सुटतील.

१७ मार्च

रांजण दुसऱ्या गटाला दिला. नमुना मीच काढला. अंगातली स्थिर वीज उतरवायला मनगटाला जमिनीची तार बांधतात, ती बांधायची विसरले. एवढ्या वर्षांत कधी विसरले नाही! बोट लागलं, ठिणगी दिसलीसुद्धा नाही, पण तपासला तर मेलेला. काकांचा बटणाचा डबाही त्या लोकांनी उकलून भाग वाटून घेतले.

सर म्हणाले, "जाऊ द्या, आकडे वहीत आहेत." आहेत खरे.

२१ मार्च, शुक्रवार

लिहवत नाही. पण लिहिते.

इस्त्री बिघडली होती. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दोन टोकांना मीटर लावला आणि म्हणाला, "कॉइल ओपन आहे." डोक्यात रस्तेच घोळत होते, म्हणून पटकन विचारलं, ओपन म्हणजे चालू ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, ओपन म्हणजे तुटलेली. करंट जायला वाटच नाही."

पुस्तकात मीही हेच शिकले होते, वहीपाशी आठवलंच नाही. काकांच्या वहीत मी आखून दिलेल्या 'मधला रस्ता' या रकान्यात पानंच्या पानं तेच आहे — ओपन, क्लोज, ओपन, क्लोज. मी 'ओपन' म्हणजे रस्ता उघडा असं धरलं. काका शिकले वायरिंग. त्यांच्या भाषेत ओपन म्हणजे तोडलेला. क्लोज म्हणजे जोडलेला. मग माझा निकाल काय? रस्ता तोडला की प्रवाह कमी होतो. हे कुणालाही सांगता येईल. इस्त्रीवाल्यालाही.

इस्त्री तिथेच विसरून आले.

२२ मार्च

सुट्टी असून गेले. तळघरात काकांचं वायरींचं रजिस्टर काढलं. "वायर ७ — ओपन. बदलली." "वायर १२ — ओपन. बदलली." त्याच निळ्या शाईत, तोच तिरपा ओ. जमिनीवरच बसले. किती वेळ ते माहीत नाही.

२३ मार्च

काकांना विचारावं का?

चारदा फोन उचलला. डोळ्यावर पट्टी बांधून पडलेत. विचारणार काय — "तुम्ही उलटं लिहिलंत का हो?" ते "हो" म्हणतील, आणि मग? त्यांचे पेन्शनचे कागद सरांच्या टेबलावर सहीविना पडलेत. सर रागावले की सही कशी लांबते ते मी पाहिलंय. जन्मभर ज्याने एक वायर चुकीची जोडली नाही, त्याच्या नावावर जाताजाता ही चूक? आणि चूक त्यांची कशी? नोंदींची भाषा मी ठरवून द्यायला हवी होती. विचारणं म्हणजेच बोट दाखवणं.

पुन्हा मोजायचं म्हटलं तर नमुना मेलेला. डबा उकललेला.

नवरा म्हणाला, "विचारून तरी बघ ना एकदा." मी खेकसले त्याच्यावर. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याने भांडी घासली.

२४ मार्च, सोमवार

सांगितलं. म्हटलं, सर, माझी चूक. वह्या जुळवताना रकाने उलटे झाले. निकाल नाही.

आधी ऐकलंच नसावं. मग चेहरा उतरला. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "पुढच्या महिन्यात मी तीनशे लोकांसमोर हे सांगणार होतो." मग — "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मान खाली घालून उभी राहिले, शाळेत राहायचे तशी.

पेपर मागे घेतल्याचं पत्र मीच टाइप केलं. "मोजमापातील चुकीमुळे निष्कर्ष अग्राह्य." खाली माझी सही. सरांनी ते पत्र याच विषयावर काम करणाऱ्या इतर गटांनाही पाठवायला लावलं, म्हणजे कुणी त्या वाटेला जाऊ नये.

काकांचं नाव कुठेही आलं नाही. या प्रयोगाच्या आठ महिन्यांत तेवढं एक धड केलं.

२६ मार्च

करार वाढणार नाही. दोन ओळींची मेल.

२८ मार्च

कपाट रिकामं केलं. एका खोक्यात मावलं सगळं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "होतं गं असं." काय होतं? तिचं तर काहीच झालं नाही!

सकाळी उठते तेव्हा क्षणभर आठवत नाही. मग आठवतं. तो क्षण तेवढा बरा असतो. नवऱ्याने शिकवणीसाठी दोन घरं शोधलीत, आठवी आणि दहावी. वर त्याचे आभारही मानायचे. अजून मानले नाहीत.

३० मार्च

दिवसभर पडून.

३१ मार्च, सोमवार

चाव्या द्यायला गेले. काकाही आले होते, काळा चष्मा लावून. पेन्शनवर सही झाली. मला जिन्यात गाठलं. "ताई, आपला पेपर का हो मागे घेतला?"

आता काय लपवायचं! सांगितलं सगळं — इस्त्री, रजिस्टर, ओपन.

ते आधी हसले. मग हसायचे थांबले. "अहो, वायर ओपन म्हणजे तुटली. पण तुम्ही रकान्यावर 'रस्ता' लिहिलं होतं ना? रस्ता ओपन म्हणजे रस्ता ओपन! दर वेळी मीटर लावून बघत होतो मी. एवढंही कळत नाही होय मला?"

मी त्यांना वाचवत नव्हते. अडाणी समजत होते.