अर्विदची चुकलेली वाट

४ मार्च १९६९, मंगळवार

आज आलं: कॉफी दोन पौंड – एक डॉलर अठ्ठावन्न. साखर – एक डॉलर नऊ. काळ्या पावाचं पीठ – साठ सेंट. काळा दोरा – पंधरा. आणि निक्विस्ट संग्रहाचं पत्र – फुकट! उलट परतीचं पाकीट त्यांनीच घातलंय, वर सहा सेंटचं तिकीट चिकटवून. असा पैसा उधळणारी माणसं आमच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद सांभाळणार!

पत्र माझ्या नवऱ्याच्या, अर्विदच्या नावाचं. मोतीबिंदूमुळे त्याला अक्षर लागत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. राष्ट्राध्यक्ष एमिल निक्विस्ट यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या गावी संग्रहाची इमारत उभी राहते आहे. पत्रं, भाषणं, फोटो जमले. आता त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांच्या आठवणी हव्यात, आणि त्या ज्याच्या त्याच्या तोंडून टेपवर घ्यायच्यात. कुणी मिस ट्रेडवेल यंत्र घेऊन घरी येणार.

“माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं? मी गाडी चालवली.”

“मग तेच सांग.”

“गाडी चालवली, हे सांगायला किती वेळ लागतो?”

खरं तर सगळ्या कॅन्ससला ठाऊक आहे. चौतीस साल, राज्याच्या विधानसभेची निक्विस्टची पहिली निवडणूक, अर्विदची जुनी फोर्ड. धुळीचं वादळ आलं, अर्विद वाट चुकला, आणि दोघं सभेच्या शाळेत दोन तास उशिरा पोचले. तरी माणसं थांबलेली! त्या रात्रीच्या भाषणापासून निक्विस्ट वर चढत गेला. रेडिओवर त्याने स्वतः किती वेळा सांगितली ही गोष्ट. “माझा ड्रायव्हर अर्विद – स्वतःच्याच काउंटीत हरवलेला एकमेव शेतकरी!” आणि लोक पोट धरून हसायचे.

हसणारच. आमचे रस्ते पाटीवर चौकटी आखाव्यात तसे. दर मैलाला चौक, सगळं सरळ. इथे वाट चुकणं म्हणजे आपल्याच घरात हरवणं.

११ मार्च, मंगळवार

मिस ट्रेडवेल येऊन गेल्या. पन्नाशीच्या. भक्कम बूट, हातात अंगठी नाही. यंत्र शिवणयंत्राच्या पेटीएवढं. मला सगळं बघायचं होतं – फीत कुठून निघते, कुठे जाते, आवाज तिच्यात बसतो कसा. त्यांनी न कंटाळता दाखवलं.

मग म्हणाल्या, “भिंतीवरचं घड्याळ थांबवता येईल का? टिकटिक टेपवर येते.”

सासऱ्यांचं घड्याळ ते. घरात कुणी गेलं तरच थांबवतात. मी अर्विदकडे पाहिलं. तो उठला, घड्याळाचं दार उघडलं, लंबक हाताने धरला – थांबवलं! आणि बैठकीचं दार लावून घेतलं.

मी एकदा कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन आत गेले. दोघंही गप्प झाले. बाहेर आल्यावर पुन्हा त्याचा आवाज सुरू. शब्द कळेनात, पण आवाज चालूच. मी बटाटे सोलले, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. आवाज चालूच!

जाताना मिस ट्रेडवेल म्हणाल्या, “तुम्हीही बोला काहीतरी, ऐकवते.” मला काय सुचणार? “आणखी कॉफी घेणार का?” एवढंच म्हटलं. मग त्यांनी ते वाजवलं. अगं बाई! तो माझा आवाज नव्हताच. माझी आई बोलत होती. तिला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ती माझ्या बैठकीत कॉफी विचारत होती.

१२ मार्च

काल दुपारभर परक्या बाईशी बोलला. रात्री जेवताना माझ्याशी – “मीठ दे.”

२३ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी. सगळीकडे हीच चर्चा. ज्याने ज्याने निक्विस्टसाठी दारोदार पत्रकं वाटली, त्या प्रत्येकाकडे मिस ट्रेडवेल जाऊन आल्यात. एडना म्हणाली, “आमचे हे यंत्रासमोर बसले आणि आधी टोपी काढली. टोपी! यंत्रासमोर!”

वर्नर ओडेनने नेहमीप्रमाणे लांबून हाक मारली. “काय रे अर्विद, चर्चची वाट सापडली का आज? की हुल्दाने हाताला धरून आणलं?”

“तिनेच आणलं,” अर्विद म्हणाला.

“आणि टेपवर? तिथेही दोन तास भलतीकडेच फिरलास काय?”

सगळे हसले. अर्विदही हसला. मीही हसले. इतकी वर्षं ही थट्टा रविवारी व्हायची आणि सोमवारी धुऊन निघायची. आता ती संग्रहात बसणार. आम्ही गेल्यावरही कुणी पोर पान उघडेल आणि वाचेल – अर्विद लोफग्रेन, वाट चुकलेला ड्रायव्हर. माणसाच्या सगळ्या आयुष्यातलं तेवढंच राहणार?

गाडीत विचारलं, “काय सांगितलंस त्यांना?”

“विचारलं ते.”

९ एप्रिल, बुधवार

ईस्टर नीट पार पडला, प्रभूची कृपा. आज टपालाने जाडजूड पुडकं आलं. अर्विदचं सगळं बोलणं टाइप करून! कागद एकाच बाजूने वापरलाय, मागची बाजू कोरी. एवढ्या कोऱ्या कागदावर माझा वर्षभराचा हिशेब मावेल.

सोबत निळी पेन्सिल आणि सूचना. चुका सुधाराव्यात, नको असेल ते खोडावं, शेवटी सही करावी. खोडलेलं कुणालाही दाखवलं जाणार नाही.

म्हणजे वाचायचं मीच! हायस्कूलच्या दाखल्याचा इतक्या वर्षांनी हा उपयोग. खरं लिहिते – मला घाई झाली होती. दिवा जवळ ओढला आणि वाचायला लागले. मध्येच कंसात एक ओळ – (पत्नी कॉफी घेऊन येते.)

मी! राष्ट्राध्यक्षांच्या इतिहासात! कंसात का होईना. इतकी हसले की अर्विदने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “मी आले.”

१० एप्रिल

खोडाखोड चाललीय. अर्विद डोळे मिटून ऐकतो आणि मध्येच बोट वर करतो.

“‘मी’ फार वेळा आलंय. काढ.”

“तू होतास, म्हणून ‘मी’ येतं.”

“दिसायला बरं नाही. काढ.”

‘मी रात्रीत गाडीचा आस दुरुस्त केला’ – हे आता ‘गाडीचा आस दुरुस्त झाला’ असं झालं.

“आपोआप?” मी विचारलं.

“हो.”

पेट्रोलचे पैसे त्याने दिले होते, तेही गेलं. ते पैसे कुठून आले होते ते मला चांगलं ठाऊक आहे – माझ्या अंड्यांचे! पेन्सिलीला दोनदा टोक केलं.

११ एप्रिल, शुक्रवार

आज ते पान आलं. जसं होतं तसं इथे उतरवून ठेवते. ही वही कुणाच्या संग्रहात जायची नाही.

त्या दिवशी दोन शाळांत सभा होत्या. पहिल्या शाळेत कुणीच आलं नव्हतं. मास्तर आणि त्यांचा कुत्रा. एमिल निक्विस्ट बाहेर आला, गाडीत बसला आणि रडला. म्हणाला, “अर्विद, घरी ने. उद्या नाव मागे घेतो.” अर्विद “बरं” म्हणाला. चौकात गाडी वळवली. पण घराकडे नाही! धुळीत हाताएवढं अंतरही दिसत नव्हतं. तो त्याच एका चौकटीभोवती फिरत राहिला. मैलभर, वळण, मैलभर, वळण. एमिल आधी बोलत होता, मग गप्प झाला, मग त्याला भूक लागली. अर्विदने डबा उघडून दिला. तो सगळं खाऊन झाल्यावर अर्विद म्हणाला, “एमिल, मी वाट चुकलो बहुतेक. तिथे कसला तरी उजेड दिसतोय.” तो उजेड दुसऱ्या शाळेचा होता.

पुढचं जसंच्या तसं –

प्रश्न: म्हणजे तुम्ही वाट चुकलाच नव्हता?

उत्तर: माझा जन्म तिथला आहे, बाई. (हसतात.)

प्रश्न: मग त्यांना घरी का नेलं नाहीत?

उत्तर: हुल्दाने दोन डबे दिले होते. दुसरा तसाच भरलेला होता. भरलेला डबा घेऊन घरी गेलो तर तिला काय सांगणार?

प्रश्न: निक्विस्टना हे कधी सांगितलंत?

उत्तर: नाही. ती गोष्ट तो फार छान सांगायचा.

मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. इतकी वर्षं एका पलंगावर झोपलो, एका भांड्यातून वाढून घेतलं, आणि हे मला टाइप केलेल्या कागदावर कळावं! राग आला का? आला. पण रागापेक्षा मोठं काहीतरी आलं, त्याला नाव सापडत नाही.

अर्विदने डोळे उघडले नाहीत. म्हणाला, “हे सगळं काढ.”

मी पेन्सिल खाली ठेवली. उद्या बघू म्हटलं.

१२ एप्रिल

भांडलो. म्हणजे मी भांडले.

“आयुष्यभर वर्नरचं ऐकून घेतलंस!”

“वर्नरला काहीतरी बोलायला नको का? त्याच्याकडे दुसरं काय आहे?”

“हा एक कागद, अर्विद. हा राहिला तर तुझ्या नावावरची ती थट्टा पुसली जाईल.”

“आणि एमिल रडताना दिसेल. मेलेल्या माणसाला रडताना दाखवू? उलट उत्तर द्यायला तो आहे का?”

“मग तू?”

“मी काय? मी गाडी चालवली.”

आमच्या लोकांचं हे असंच! फुशारकीचं पाप नको म्हणून खरं सुद्धा गिळून टाकतात. लहानपणी पाद्रीबुवांनी आमच्यात ते इतकं खोल पेरलंय की आता उपटू म्हटलं तरी मुळं जागेवरच राहतात. मला काय ठाऊक नाही? मीही तसलीच.

खोडलं. त्याचं बोलणं त्याचं आहे. ओळीमागून ओळ निळी करत गेले. डब्यांच्या ओळीवर पेन्सिल टेकवली, तर त्याने माझा हात धरला.

“ती राहू दे.”

“मागचं-पुढचं सगळं गेलं. एकट्या ओळीचा काय अर्थ लागणार?”

“ती तुझी आहे. तुझं मी कसं खोडू?”

आता त्या पानावर एवढंच उरलंय – हुल्दाने दोन डबे दिले होते.

१४ एप्रिल

सही झाली. पुडकं टपालात टाकलं. पेन्सिल ठेवून घेतली, परत मागितलेली नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

मिस ट्रेडवेलचा फोन. लांबचा! मी उभीच राहिले, बसले तर बोलणं लांबेल म्हणून.

“मिसेस लोफग्रेन, तुमच्या काउंटीतल्या सगळ्यांच्या प्रती परत आल्या. सगळ्या निळ्या! कुणीच काही केलेलं नाही. पत्रकं आपोआप वाटली गेली, सभा आपोआप भरल्या. मग हा माणूस निवडून आला तरी कसा?”

“देवाची कृपा,” मी म्हटलं.

त्या एवढ्या हसल्या की मला फोनच्या बिलाची काळजी वाटली. मग गंभीर झाल्या. “मिस्टर लोफग्रेननी खोडलेलं मी टेपवरूनही पुसणार आहे. शब्द दिलाय. हात धजत नाही, पण पुसेन. फक्त एक सांगा. त्या पानावर एक ओळ राहिली आहे. डबे दोन का दिलेत?”

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. अर्विदनेही नाही. मी स्वतःलाही नाही.

“पत्राने कळवते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

२३ एप्रिल

दोन का?

दिवसभर तेच. कणीक मळताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. आणि संध्याकाळी सगळं लख्ख आठवलं – खिडकीवरची धूळ, फटींत कोंबलेली ओली फडकी, एमिलच्या हातातला पाण्याचा पेला.

तेव्हा हे दोन तुकडे, एमिलचं बोलणं आणि अर्विदचा उशीर, जोडणार कसे? अर्विद घरी येऊन म्हणाला, “वाट चुकलो”, आणि मी ते खरं मानलं.

२६ एप्रिल

प्रार्थना केली. मग अर्विदला विचारलं, “माझं जे आहे, ते मी सांगितलं तर?”

“तुझं आहे ना?”

“माझंच.”

“मग मला काय विचारतेस?” आणि उठून घड्याळाला किल्ली दिली.

२७ एप्रिल, रविवार

धाडायच्या पत्राची नक्कल:

मिस ट्रेडवेल, त्या दुपारी अर्विद अंगणात गाडी सुरू करत होता. एमिल निक्विस्ट पाणी प्यायला माझ्या स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, “आज एकच शाळा, हुल्दा. मग पुरे झालं. अर्विदला अजून सांगितलं नाही.” मी एक डबा भरून ठेवला होता. दुसरा तेव्हा भरला. दुसऱ्या शाळेत माझी बहीण सेल्मा रात्रीच्या सभेसाठी सकाळपासून कंदील घासत बसली होती. आणि माझा नवरा भरलेला डबा घरी परत आणत नाही, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. रात्री दोन्ही डबे रिकामे आले. त्याने खोडलं ते खोडलेलंच ठेवा. हे माझं आहे, आणि मी ते यंत्रासमोर सांगणार आहे. घड्याळ मी थांबवीन. कधी येता ते उलट टपाली कळवा. तिकीट सोबत आहे. पाकिटावर मिसेस अर्विद असं घालू नका. हुल्दा लोफग्रेन असं घाला.