कंदीलवालीची बट

१४ जानेवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र उघडल्याबरोबर ओळी फासलेल्या बघून कपाळाला हात लावशील. लाव. डाव्या हाताने लिहिलं की तळवा ओल्या शाईवरून फिरतो, हे तुला मी पहिलीत असल्यापासून ठाऊक आहे. त्यात आज घाई आहे.

मला काम मिळालं. कशाचं, ते वाचण्याआधी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा बाजूला घे. ‘कंदीलवाली’चा सिनेमा निघतोय. चित्रांचा नव्हे, हाडामांसाच्या माणसांचा. आपण तुझ्या दुकानात रोज दुपारी बघायचो तीच अ‍ॅनिमे मालिका: धुक्यातलं गाव, रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारी, एक शब्द न बोलणारी पोरगी आणि तिची एककानी मांजर. मी केसांच्या खोलीत आहे. जाळीवर एकेक केस आकड्याने ओढून गाठ मारायची आणि टोप उभा करायचा. नायिकेचा टोप थेट माझ्याकडे आलाय, कारण आमच्या मोठ्या बाई लढाईच्या प्रसंगासाठी दाढ्यामिश्यांची खोकी घेऊन चित्रीकरणाला गेल्यात. मालिकेत लढाई कुठे होती, असं मला विचारू नकोस. मीही कोणाला विचारलं नाही.

आता अडचण ऐक. मला दिलेलं चित्र पातळ ट्रेसिंग कागदावर आहे. त्यावर अक्षर नाही, खूण नाही, सुलटी बाजू कुठली तेही नाही. एका अंगाने ठेवलं तर पांढरी बट तिच्या डाव्या कानशिलावर येते, कागद पालथा घातला की उजव्या. मला डावीच आठवते. पण पंधरा वर्षं झाली, मालिका पुन्हा कुठे लागली नाही, आणि इथे विचारावं असं कोणी नाही. तू सांगितलंस की गाठी मारायला घेते. तुझ्या दुकानात पाणी मारून भांग इकडचा तिकडे करता येतो, तसं इथे नाही. एकदा पडला की पडला.

आईला सांग, खोलीला खिडकी आहे आणि घरमालकीण खडूस नाही.

तुझ्या लोभाची सवय लागली आहे, ती मोडू नये.
तुझी,
डावरी


२१ जानेवारी

चि. डावरीस,
अ. उ. आ.

डावी. बट डावीकडे, भांग डावीकडे, आणि दिवा लावायची काठी डाव्या हातात. कंदील उजव्या. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगेन. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी आठवीत शाळा सोडली, पण डोळे शाळेत ठेवून आलो नाही. साबण फासलेल्या भोपळ्यावर वस्तरा चालवून जो माणूस आपला आपण दाढी शिकला, त्याला कुठल्या पोरीचा भांग कुठल्या बाजूला हे कळणार नाही, तर कोणाला कळणार? शाळेतल्या बाई तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायच्या, त्या दिवसांतच ही मालिका सुरू झाली. ताईची धुलाईखान्यात दुपारपाळी, म्हणून तू शाळेतून थेट दुकानात. खुर्चीच्या दांड्यांवर फळी टाकून मी तुला बसवायचो आणि मागे उभा राहायचो, आणि समोर आरशात आपली तिघांची तोंडं: तू, मी आणि टीव्हीतली कंदीलवाली. तिने डाव्या हाताने पहिला दिवा लावला तेव्हा तू नाक पुसलंस ते मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून शाळेत गेलो आणि बाईंना सांगून आलो की जिच्या हातून अख्ख्या गावाला उजेड मिळतो ती डावरी आहे, तेव्हा आमच्या पोरीच्या वाटेला जाऊ नका. वर्गातली पोरं तुला चिडवायला डावरी म्हणत होती. तेच नाव मी लाडाचं केलं ते त्या दिवसापासून.

सिनेमाची मात्र धास्ती वाटते. चित्रातल्या डोळ्यात अख्खा कंदील मावतो. माणसाच्या डोळ्यात कुसळ मावत नाही. हे काय करून ठेवतील कोण जाणे. तू आत आहेस एवढाच आधार.

कागद जपून ठेव आणि पाठ ताठ ठेवून बस. लोभ आहेच, त्याला कात्री लागणार नाही.
तुझा मामा


१८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

अर्धं डोकं झालं. तू म्हणालास तशी बट डावीकडे घेतली. पांढऱ्या केसांची ती बारीक रेघ मी दोनदा उसवली, तिसऱ्यांदा ती अशी पडली की मला फळीवर बसल्यासारखं वाटलं. नायिका होणारी मुलगी जाळीचं माप द्यायला आली होती. गरीब आहे, सारखी दमलेली असते. तिने मालिका पाहिलेली नाही. बघू नकोस, मनावर परिणाम होईल, असं तिला सांगितलंय म्हणे.

बाकीचं ऐकून तू मला दोष देऊ नकोस. धुकं काढून टाकलंय, कारण धुक्यात नायिकेचा चेहरा दिसत नाही. ती आता पहिल्या मिनिटापासून स्वतःची गोष्ट स्वतःच सांगते. मांजर आधी संगणकावर करणार होते, ते महाग पडलं, म्हणून मांजरीच्या जागी तिला एक धाकटा भाऊ दिलाय. आम्ही चहा पिताना कोणी चाहत्यांचं नाव काढलं, की सगळे हसतात. चाहते म्हणजे लग्नात जेवून वर मीठ कमी म्हणणारे पाहुणे, असं एकजण म्हणाला. मी कपात बघत राहिले. केसांच्या खोलीतून कथेच्या खोलीत जायला दार नाही, मामा.

पण एवढ्या सगळ्या गोंधळात एक बट तरी जागच्या जागी असेल. तेवढी माझ्या हातात आहे.

धास्ती खाली ठेव आणि लोभ तेवढा वर ठेव.
तुझी,
डावरी


६ मार्च

चि. डावरीस,
अ. उ. आ.

भाऊ? त्या मांजरीने अकराव्या भागात विझलेला दिवा शेपटीने दाखवला होता. आता तो भाऊ काय दाखवणार?

मला राहवेना. आपल्याकडे जे साप्ताहिक येतं, त्याच्या वाचकांच्या पानावर सध्या याच सिनेमाची रडारड चालू आहे. कोणाला नायिकेचं वय खटकतं, कोणाला कोटाचा रंग. मी दोन पानी पत्र पाठवलं, त्यातलं त्यांनी बोटभर छापलं. तुझं नाव-गाव काही लिहिलं नाही, भिऊ नकोस. एवढंच लिहिलं की कोट गेला खड्ड्यात, तिचा डावा हात सांभाळा, तो गेला तर सगळं गेलं.

पुढच्या अंकात एका शहाण्याचं उत्तर आलं. या गृहस्थांनी कुठली मालिका पाहिली, असं विचारतो, की दुपारच्या झोपेत पाहिली. दुसरा त्याच्या हो ला हो करतो. यांना चाहते म्हणायचं. तिचा हात कुठला हेसुद्धा ज्यांनी पाहिलं नाही, ते तिच्यासाठी गळे काढतायत. तुझ्या चहावाल्या मंडळींना सांग की सगळे पाहुणे सारखे नसतात.

खरं सांगू का? आपण ओरडणार, ते हवं तेच करणार, आणि मग आपणच रांगेत उभे राहून तिकीट काढणार. लग्न दुसऱ्याच्या घरचं आहे. पण पोरगी आपली आहे ना.

टोप पुरा झाला की कळव. तुझ्यावरचा लोभ कोणी छाटून बोटभर केलेला नाही.
तुझा मामा


२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

टोप चुकला.

मोठ्या बाई परत आल्या आणि कॅमेऱ्यापुढे नायिकेला टोप घालून उभं केलं. दिग्दर्शकांनी एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं की हे उलटं कोणी केलं. मी पुढे झाले आणि छातीठोकपणे सांगितलं की उलटं नाही, हेच बरोबर आहे, मी ही मालिका रोज पाहिलेली आहे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जुनी फीत मागवली आणि मला शेजारी खुर्ची देऊन पहिला भाग दाखवला.

मामा, ती उजव्या हाताने दिवे लावते. बट उजवीकडे आहे. मला वाटलं फीत उलटी लावली असेल, पण नावं सुरळीत येत होती. मी दुसरा भागही बघितला, तिसराही. सगळ्यात उजवाच.

आपण दोघांनी काय पाहिलं मग?

आता नायिकेसाठी बाहेरून तयार टोप मागवलाय, आणि माझा एका खोक्यात आहे. मला काढलेलं नाही. पण मोठ्या बाई म्हणाल्या की माझ्या गाठी डाव्या हाताच्या असल्याने सगळ्या उलट्या कलतात, दुसऱ्या कोणाच्या कामाशी जुळत नाहीत. यापुढे या खोलीत सगळे उजव्या हाताने काम करतील. हात वळावा म्हणून जेवण, लिहिणं, सगळं उजव्यानेच करायला सांगितलंय. त्या वाईट नाहीत. शाळेतल्या बाईही वाईट नव्हत्या. तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. आता कोणाचं नाव घेऊ?

तू त्यांना पत्रबित्र लिहू नकोस, तुला माझी शपथ.

लोभ कुठल्याही बाजूने ठेव, पण ठेव.
तुझी भाची


२४ मे

चि. डावरीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात तुझ्या दिग्दर्शकाची बिनपाण्याने केली होती. दुसऱ्यात लिहिलं होतं की नावं नवीन घालून फीत फिरवली असणार, हे लोक मांजरीचा भाऊ करतात, त्यांना काय अवघड. पुढची दोन आठवत नाहीत. तू पत्राखाली डावरी लिहिलं नाहीस, हे मला प्रत्येक वेळी कागदाची घडी घालताना दिसायचं. आणि दुसरं म्हणजे पत्र स्वच्छ होतं. जन्मात पहिल्यांदा तुझी एक ओळ फासलेली नाही, आणि अक्षर मात्र पहिलीतल्या पोराचं. ताईला ते पत्र मी वाचून दाखवलं, हातात दिलं नाही.

काल दुकानासमोरच्या भिंतीवर त्या सिनेमाचं पोस्टर लागलं. दाढीला आलेल्या शेजारच्या घड्याळजींच्या गालाला मी साबण लावून ठेवला आणि तसाच रस्ता ओलांडून बघायला गेलो. नवी कोरी कंदीलवाली. काठी उजव्या हातात, बट उजवीकडे. डोकं फिरलं. परत आलो, वस्तरा उचलला, घड्याळजींची मान वर केली आणि समोर बघितलं. दार उघडं होतं. आरशात समोरची भिंत होती, भिंतीवर पोस्टर होतं, आणि पोस्टरात काठी डाव्या हातात होती.

मी वळून रस्त्यावर बघितलं. उजवा. आरशात बघितलं. डावा. घड्याळजी म्हणाले की मानेत लचक भरली असेल तर दाढी उद्या केली तरी चालेल.

टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर, बाकाच्या वर. मीच तिथे ठोकला होता, खुर्चीतल्या माणसाला समोर आरशात दिसावा म्हणून. आरशात अक्षरं उलटी दिसतात, हे मला दुकान उघडल्यापासून माहीत आहे. मी ती उलटी वाचूनही दाखवतो. पण अक्षर उलटं झालं की लगेच खटकतं, माणूस उलटा झाला तरी माणसासारखाच दिसतो. त्या सगळ्या दुपारी आपण दोघांनी एकदाही मान वळवली नाही.

साप्ताहिकातले ते दोघं बरोबर होते. त्यांना कळवायला हवं, अजून हात होत नाही. तुझ्या बाईंनाही लिहिणार नाही, शपथ घातली आहेस, आणि लिहून काय सांगू? तुझा टोप चुकला तो माझ्या सांगण्यावरून, आणि शाळेत मी ज्या पोरीची साक्ष काढली ती पोरगी कुठे नव्हतीच. उजव्या हाताच्या पोरीला पुढे करून तुझा डावा हात सोडवून आणला. आता दुसरी साक्ष शोधतोय. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं की डावखुऱ्यांचं काही चांगलं सांगा. एकाने चुलत्याचं नाव घेतलं, तो गेल्या वर्षी विहिरीत पडला.

तेव्हा कारण माझ्याकडे नाही. बिनकारणाचं सांगतो, ऐकलंस तर ऐक: डाव्यानेच लिही. मी उजवा आहे. तुला कात्री धरायला शिकवताना मी आरशात बघून शिकवलं होतं, म्हणून ती तुझ्या हातात नीट बसली. एवढं एक त्या आरशाचं बरोबर आलं.

टीव्ही हलवलेला नाही. फळीही आहे तिथेच.

माझं सांगणं चुकलं, लोभ चुकलेला नाही. तो मोडीत काढू नये.
तुझा मामा


८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी खोलीतल्या आरशापुढे धरून वाचलं. वेडपट दिसतं.

सिनेमा पडेल या भीतीने आता शेवटही बदलतायत. ती शेवटी दिवे विझवते म्हणे. टोप खोक्यातच आहे, मागितला तर देत नाहीत, तो कंपनीचा आहे. मोठ्या बाईंनी मला गर्दीतल्या माणसांच्या मिश्यांवर बसवलंय. मिशी दोन्हीकडे सारखीच असते, आणि गर्दीतल्या माणसाची कोणी बघतही नाही. दिवसा बाईंसमोर उजव्याने करते, त्या उठून गेल्या की डाव्याने. सवय कोणती लागेल ते सांगता येत नाही.

सिनेमा लागला की तू जाशील हे मला माहीत आहे. जा. पण पडद्याकडे पाठ करून बसू नकोस, आणि पटलं नाही तर थेटरात आरसा काढू नकोस.

ओळी फासल्या आहेत, तेवढं वाचून घे.

लोभ आहे तो असू दे.
तुझी,
डावरी